उलट्या टांगलेल्या छत्र्या

दोनशे चौदा दारं आणि दोनशे चौदा खुणा. शुक्रवारी दुपारी दोन वाजता कारकूनबाईंनी फळ्यावरच्या शेवटच्या आकड्यापुढे खडूने खूण केली, हात झटकले आणि म्हणाल्या, "झालं, काका. खालची वस्ती पूर्ण. एकही दार राहिलं नाही."

शाळेच्या दालनात ज्याने ज्याने हे ऐकलं त्याने सुस्कारा सोडला. कुणी चादरीवर आडवं झालं, कुणी भिंतीला पाठ टेकली. एकट्या पोस्टमनकाकांच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

आता हे पोस्टमनकाका कोण, आणि फळ्यावर आकडे कसले, ते आधी सांगायला हवं. काकांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधी एकतीस वर्षं त्यांनी नदीकाठच्या त्या खालच्या वस्तीत टपाल वाटलं. कुठल्या दारानंतर कुठलं दार, कुणाच्या दाराची फट इतकी अरुंद की पाकीट दुमडावं लागतं, कुठला कुत्रा फक्त खाकी कपड्यावर भुंकतो, हे सगळं त्यांच्या पायांना पाठ. मंगळवारी पहाटे नदीने बांध फोडला आणि वस्तीत दीड पुरुष पाणी शिरलं. कचेरीची कागदपत्रं तळमजल्यावर होती, ती भिजून पावासारखी फुगली. कुठल्या घरातून किती माणसं काढायची, कुणाला मदतीचं पोतं द्यायचं, सांगणार कोण? तेव्हा कुणीतरी म्हणालं, पोस्टमनकाकांना विचारा.

काका खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि दार नंबर एकपासून सुरुवात केली. कारकूनबाई फळ्यावर लिहीत गेल्या. त्या यादीप्रमाणे बोटी गेल्या, त्या यादीप्रमाणे पोती बांधली गेली. एका दाराला एक पोतं. दोन चादरी, एक ताडपत्री, धान्य, साबण, मेणबत्त्या आणि पाण्यात टाकायच्या गोळ्या. दारातली सगळी माणसं मिळाली की खूण.

"काका, अख्खी वस्ती डोक्यात घेऊन फिरता की," लोक म्हणायचे.

"देवाची कृपा," काका म्हणायचे. पण त्या कौतुकातलं देवाकडे किती पोचलं आणि वाटेत काकांनीच किती ठेवून घेतलं, ते देव जाणे. मोठेपणा कुणाला नको असतो?

आणि आता सगळं जुळलं, तर मन जुळेना. काका दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागले. एक, दोन, तीन, पानवाल्याचं चार, त्याच्या वरच्या मजल्याचं पाच. मनातल्या मनात सगळी फेरी करून दोनशे चौदाला पोचले. सगळी दारं जागेवर. परत एकपासून.

काकू एका कोपऱ्यात आलेल्या कपड्यांचे ढीग लावत होत्या. मोठ्यांचे इकडे, मुलांचे तिकडे. तिसऱ्यांदा काका त्यांच्या ढिगावरून पाय टाकून गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, बसा की कुठेतरी. पायाला भिंगरी लावल्यासारखं काय चाललंय?"

"काहीतरी राहिलंय."

"राहिलंय ते तुमचं जेवण."

"तसं नाही गं. पिशवी रिकामी झाली, पण खांद्यावरचं वजन उतरत नाही, असं."

"पिशवी दोन वर्षांपूर्वी परत दिलीत. तिचं वजन अजून मला वाहावं लागतंय," काकू म्हणाल्या आणि एक लहान स्वेटर झटकून घडी घालायला लागल्या.

एवढ्यात बोटवाला आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे तांबारलेले. बाकीच्या बोटी सकाळीच नदीच्या खालच्या अंगाच्या गावाला गेल्या होत्या. इंजिनाची ही एकच उरली होती. "बाई, चारला ट्रक येतोय. बोट चढवून मीही निघतो. तिकडे अजून लोक छपरांवर आहेत."

"निघा तुम्ही. इथलं झालं," बाई म्हणाल्या.

इथलं झालं. काकांनी फळ्याकडे पुन्हा एकदा बघितलं. का, ते त्यांचं त्यांनाच सांगता येईना.

बाहेर पिण्याच्या पाण्याचा टँकर आला होता. नुसतं चालण्यापेक्षा बादल्या तरी उचलू, म्हणून काका दाराकडे वळले. पुन्हा भुरभुर सुरू झाली होती.

"डोक्यावर काही घ्या," काकू मागून म्हणाल्या. "तुमची छत्री कुठाय?"

"दुरुस्तीला टाकलीय."

"कुणाकडे?"

"कुणाकडे म्हणजे काय, छत्रीवालीकडे. कोपऱ्यावर..."

आणि काकांचा पाय उंबऱ्यावरच थबकला.

कोपऱ्यावरची छत्रीवाली. एकेचाळीस आणि बेचाळीसच्या मधे, गल्ली वळते तिथे, तिपाईवर बसलेली. तोंडात दोरा, मांडीवर उलटी छत्री, बाजूला मोडक्या काड्यांचा डबा. गेल्या शुक्रवारी काकांनी तिच्या हातात छत्री दिली होती. "ताई, काडी मोडलीय." ती म्हणाली होती, "काका, हिची काडी मोडली नाही, हिने तुम्हाला कंटाळून मान टाकलीय. पुढच्या आठवड्यात या." वीस वर्षं रोज ती दिसायची. काका रोज मान हलवायचे आणि बेचाळीसच्या फटीत हात घालायचे.

पण ती राहायची कुठे?

तिपाईला काही दार नसतं. त्या वीस वर्षांत तिच्या नावाचं एक पोस्टकार्ड आलं नव्हतं. काकांची वस्ती म्हणजे पत्रांची वस्ती. ज्याला पत्र नाही त्याला दार नाही. आणि ज्याला दार नाही, तो फळ्यावर कुठून येणार? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून?

काका मागे फिरले. दालनातला एकेक चेहरा बघत सुटले. चादरी ओढून बघितल्या, झोपलेल्यांचे चेहरे वाकून बघितले. दोघींनी शिव्या घातल्या. छत्रीवाली कुठेच नव्हती.

बेचाळीस नंबरचा इस्त्रीवाला खिडकीपाशी बसून हाताने ओल्या चादरीच्या घड्या घालत होता. गरम इस्त्री नसली तरी घडी अशी की कडेला कड.

"अरे, ती छत्रीवाली कुठे राहते?"

"आमच्या मागे," इस्त्रीवाला म्हणाला. "तो रंगाचा कारखाना आहे ना, बंद पडलेला. त्याच्या भट्टीवर माळा आहे. मागच्या अंगणातून लोखंडी जिना जातो. तिथे तीन बिऱ्हाडं आहेत."

"तीन?"

"तीन. ती आणि तिचा सासरा, एक गवंडी बायकोमुलांसकट, आणि त्या दोघी बहिणी, शिवणकाम करणाऱ्या. त्यातल्या एकीची मुलगी आहे."

काका त्याच्यापुढे उकिडवे बसले. "तुला ठाऊक होतं, मग बोलला का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?" इस्त्रीवाल्याने घडी मांडीवर ठेवली. "बाईंनी विचारलं, दार कितवं. म्हटलं, बेचाळीस. विचारलं, माणसं किती. म्हटलं, पाच. झाली चौकशी. आणि खरं सांगू का काका, मनात आलं होतं. पण म्हटलं, यादी काकांची आहे, काकांच्या यादीतून कोण सुटतंय."

तापलेली इस्त्री टेकावी तसं ते वाक्य काकांना लागलं.

ते बाईंच्या टेबलापाशी गेले. बाई टेलिफोनवर खालच्या अंगाच्या गावाशी बोलत होत्या. बोलणं संपेपर्यंत काकांनी टेबलावरचा खडू तीनदा उचलला आणि ठेवला.

"बाई, अजून एक घर आहे."

"नंबर?"

"नंबर नाही. दारच नाही. भट्टीवरचा माळा आहे, तीन बिऱ्हाडं."

"कुणी पाहिलंय त्यांना? मंगळवारनंतर?"

"नाही."

"मग ती तिथेच आहेत हे तुम्हाला कसं कळलं?"

"माझी छत्री तिच्याकडे आहे," काका म्हणाले, आणि बोलून झाल्यावर त्यांनाच ते वेड्यासारखं वाटलं.

बाई वाईट नव्हत्या. चार दिवस त्यांनी पाठ टेकली नव्हती. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, अडीच वाजलेत. तिकडे छपरांवर माणसं आहेत, हे नक्की आहे. तुमच्या माळ्यावर आहेत, हे नक्की नाही. कदाचित पहिल्याच दिवशी पळालीही असतील. मी बोट कशाच्या आधारावर पाठवू?"

"मंगळवारी मी डोळे मिटून दोनशे चौदा दारं सांगितली. तेव्हा तुम्ही एकदाही आधार विचारला नाहीत," काका म्हणाले. "तेव्हा मी छाती फुगवून सांगत होतो. आज मान खाली घालून सांगतोय. आजचं जास्त खरं धरा."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग खडू घेऊन दोनशे चौदाच्या खाली दोनशे पंधरा लिहिलं. त्यापुढे खूण केली नाही.

"चारच्या आत बोट परत हवी."

बोट निघाली. बोटवाला मागे इंजिनापाशी, काका पुढे. पाणी चहासारखं तांबूस, वर तरंगणाऱ्या चपला, डबे, एक उलटी झालेली खुर्ची. मुख्य रस्त्यापर्यंत ठीक होतं. मग बोटवाल्याने विचारलं, "सांगा काका, कुठे वळू?"

काकांनी समोर बघितलं. त्यांना काही म्हणजे काही ओळखू येईना. दारं सगळी पाण्याखाली. फटी, पाट्या, पायऱ्या, कुत्र्यांच्या जागा, सगळं खाली. वर होते ते सज्जे, खिडक्या, पत्र्याची छपरं. एकतीस वर्षं काका खाली मान घालून दारं वाचत चालले होते. वर कधी बघितलंच नव्हतं.

"काका?"

"थांब जरा."

"थांबायला वेळ कुठाय? यादी तोंडपाठ आणि रस्ता विसरलात होय?"

"मला वाटतं, ही डावीकडची."

ती डावीकडची नव्हती. बोट एका भिंतीपाशी जाऊन अडली. तिथून मागे घेताना इंजिनात दोरी अडकली, ती सोडवण्यात दहा मिनिटं गेली. बोटवाल्याने दोनदा घड्याळ बघितलं, आणि ते काकांना शिवीपेक्षा झोंबलं. मनात ते म्हणाले, देवा, माझा शहाणपणा घे, पण वाट दे.

मग त्यांनी डोळे मिटले. बोटीच्या फळीवर पाय टेकले आणि जागच्या जागी चालायला लागले.

"आता हे काय?"

"बोलू नको. सावकाश चालव. माझ्या पावलाने." त्यांचे पाय उचलत होते, टेकत होते. "पानवाला. इथून बावीस पावलं. एक पायरी. पुढे खड्डा आहे, इथे मी कायम उजवीकडून जातो. एकोणतीसचं दार. तीसचं. आता गल्ली अरुंद होईल."

गल्ली अरुंद झाली. दोन्ही बाजूंच्या खिडक्या जवळ आल्या. बोटवाल्याने इंजिनाचा आवाज कमी केला आणि या म्हाताऱ्याच्या पायांकडे बघत बोट चालवायला लागला.

"एकेचाळीस," काका म्हणाले. "आता उजवीकडे. इथे ती बसते."

बोट वळली. काकांनी डोळे उघडले आणि या खेपेला मान वर केली.

पत्र्याच्या एका छपराखाली, माळ्याच्या उघड्या कठड्यापुढे, या खांबापासून त्या खांबापर्यंत तार बांधलेली होती. तारेला मुठींनी अडकवलेल्या, उघडून उलट्या टांगलेल्या दहा-पंधरा छत्र्या. काळ्या, ठिपक्यांच्या, एक लहान मुलाची पिवळी. पत्र्याच्या कडेवरून पावसाचं पाणी थेंब थेंब त्यांच्यात पडत होतं. आणि कठड्यामागे एक बाई पेल्याने एका छत्रीतलं पाणी काढून घेत होती.

तिने बोट पाहिली. पेला तसाच हातात.

"काका?" ती म्हणाली. "आज टपाल पाण्यातून?"

बोट जवळ गेली तशी काकांनी हात लांबवून कठडा धरला.

"छत्रीसाठी आलात ना? तयार आहे. पण लगेच देता येणार नाही, भरलेली आहे." ती हसायला गेली, पण ओठ सुकून फाटले होते, त्यामुळे ते हसू अर्ध्यावरच राहिलं. "तुमचं कापड जुनं, घट्ट विणीचं. सगळ्यात जास्त पाणी त्यातच टिकतं. बाकीच्या गिऱ्हाइकांच्या छत्र्या नुसत्या दिखाऊ. सासऱ्यांना चार दिवस ताप आहे, त्यांना तुमच्याच छत्रीतलं पाजतेय."

मागून गवंडी पुढे आला, त्याची बायको, दोन मुलं, शिवणकामवाल्या बहिणी, त्यांची मुलगी. भिंतीशी अंथरुणावर म्हातारा. सगळी मिळून नऊ माणसं. चार दिवस त्यांनी एक डबा सुका पाव आणि छत्र्यांमधलं पाणी यांवर काढले होते.

"ओरडला नाहीत का कुणी?" बोटवाल्याने विचारलं.

"ओरडलो की," छत्रीवाली म्हणाली. "बुधवारी गल्लीच्या तोंडाशी बोट आली होती. आम्ही हाका मारल्या. तुम्हीच होता बहुतेक. म्हणालात, नंबर आला की येतो. मग आम्ही गप्प बसलो. म्हटलं, येईल आपलाही नंबर."

बोटवाला इंजिनाकडे बघत राहिला. यादीप्रमाणे जाणारा माणूस तो. यादीत पुढे अठ्ठावन्न होतं. त्याची चूक म्हणावी तर ती यादीची, आणि यादीची म्हणावी तर ती बोटीच्या पुढच्या फळीवर बसलेली होती.

"ताई," काका शेवटी म्हणाले, "तुमचा नंबरच नव्हता. मी दिलाच नव्हता."

छत्रीवालीने हातातला पेला कठड्यावर ठेवला. रागावली असती तर काकांना बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "आधी सासऱ्यांना घ्या. मग बोलू."

बोट चालवणाऱ्याशिवाय आठ माणसांची. म्हाताऱ्याला चादरीच्या झोळीतून उतरवलं, मग मुलं, बायका. गवंडी आणि छत्रीवाली तेवढी मागे राहत होती. काका कठडा धरून वर चढले. "मी थांबतो, गवंड्याला ने. म्हाताऱ्याला उतरवायला दणकट माणूस हवा."

"सव्वातीन झालेत," बोटवाला म्हणाला. "आता वाट पाठ झालीय मला. धावत येतो."

बोट गेली. माळ्यावर दोघंच उरली. काकांना बसवेना. ते कठड्यापाशी गेले, मागच्या भिंतीपाशी गेले, परत कठड्यापाशी आले. छत्रीवाली एकेक छत्री तारेवरून काढून पाणी झटकून मिटत होती. लोकांच्या वस्तू होत्या, ज्याच्या त्याला परत द्यायच्या होत्या.

"काका, एक विचारू?"

"विचारा."

"आमचा जसा नंबर नव्हता, तसा रखवालदाराचाही नसणार ना? कारखान्याच्या फाटकाशी पत्र्याची खोली होती त्याची. आणि तुमच्या पानवाल्याच्या जिन्याखाली एक म्हातारी झोपायची. बाटल्या गोळा करणारी."

काका चालता चालता थांबले. जिन्याखाली. चार आणि पाचच्या मधे. त्या जिन्याने ते रोज वर जात.

"मी कधी खाली वाकून बघितलं नाही," ते म्हणाले.

"वाकायला वेळ कुठे असतो," छत्रीवाली म्हणाली. "तुमच्या हातात पत्रं असायची." आणि तिने त्यांची छत्री मिटून त्यांच्या हातात दिली. नव्या काडीची जागा बोटाला लागत होती, टाके बारीक आणि सरळ.

चारला दहा कमी असताना बोट शाळेच्या पायरीला लागली. ट्रक येऊन उभा होता. डॉक्टर म्हाताऱ्यापाशी बसले होते. ताप आहे, पण वेळेवर आणलं, म्हणाले. कारकूनबाईंनी दोनशे पंधरापुढे खूण केली आणि काकांकडे बघून त्या पहिल्यांदाच हसल्या.

काका हसले नाहीत. ते बाकावर चढले. काकूंनी खालून त्यांचा सदरा धरला.

"ऐका सगळे," काका म्हणाले. "मी दिलेली यादी अर्धी आहे. मी फक्त दारं सांगितली. आता तुम्ही सांगा. तुमच्या मागे कोण राहतं? जिन्याखाली, माळ्यावर, अंगणातल्या खोलीत? नाव नसलं तरी चालेल."

 मग पानवाल्याने हळूच हात वर केला. मग एका बाईने. मग तिसऱ्याने. बाईंनी फळा पुसला नाही. कडेला मोकळी जागा होती तिथे लिहायला लागल्या: जिन्याखाली, एक. फाटकाशी, एक. धान्याच्या गोदामाच्या वर, दोन की तीन, नक्की नाही.

बोटवाला दारात उभा होता. तो बाईंकडे बघत होता, बाई घड्याळाकडे. तिकडच्या छपरांवरचे लोक कुणाच्याच मनातून जात नव्हते.

"तुम्ही निघा," काकाच म्हणाले. "त्यांनीही हाका मारल्या असतील."

बोट ट्रकवर चढली. ट्रक वळणाआड जाईपर्यंत सगळे बघत राहिले, आणि ज्यांची नावं सुद्धा ठाऊक नाहीत अशी चार-पाच माणसं फळ्याच्या कडेला लिहिलेली राहिली.

मग इस्त्रीवाला पुढे आला. "काका, शाळेची लांब टेबलं आहेत. पाण्याची रिकामी पिंपं आहेत. पिंपं खाली बांधली तर टेबल तरंगतं. आमच्या धुलाईच्या हौदावर लहानपणी आम्ही हेच करायचो. इथलं पाणी आता संथ आहे. बांबू लावत जाऊ."

"तुला बुडायचंय?" त्याची बायको म्हणाली.

"चार दिवस गप्प बसलो, ते बुडण्यापेक्षा वाईट होतं," तो म्हणाला. तिने दोरी आणून दिली.

गवंड्याने गाठी मारल्या, कारण बांधकामाची परांची बांधणाऱ्याच्या गाठी सुटत नाहीत. साडेचारला तराफा पाण्यावर होता. त्यावर दोन पोती, इस्त्रीवाला बांबू घेऊन, आणि काका. काकूंनी त्यांच्या हातात पावाची पुडी कोंबली. "जेवण राहिलंय तुमचं, ते तेवढं यादीत घ्या."

भुरभुर पुन्हा सुरू झाली होती. काकांनी छत्री उघडली. पहिल्याच गल्लीपाशी इस्त्रीवाल्याने बांबू रोवला. "काका, कितव्या दारापासून सुरू करायचं?"

"दारांचं राहू दे," काका म्हणाले. छत्री बाजूला केली आणि मान वर करून खिडक्या, सज्जे, पत्रे, जिन्यांची टोकं बघायला लागले. "हाक मार. मग थांब, आणि ऐक."